पंधरा थाऊ

हरलेल्या माणसाचे एक मोठे सुख असते. त्याला कुणी काही विचारत नाही. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाला गल्लीतले सगळे अडवून विचारतात, "काय रे, अभ्यास कसा केलास?" नापास झालेल्याला आई गुपचूप पान वाढते आणि वडील दुसऱ्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडतात. आउटबोर्ड होड्यांच्या शर्यतीत तर हा नुसता जगाचा रिवाज नाही, तो नियमच आहे. शेवटी आलेला गडी आपली होडी गाडीवर चढवतो, ओले कपडे पिळतो आणि घरी जातो. पहिला येतो त्याला मात्र आपले इंजिन खोलून दाखवावे लागते.

हा नियम मला माहीत होता. माहीत असणे आणि कळणे यांत किती अंतर असते, ते 1979 सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी समजले.

आमच्या सांगलीच्या घरात पुस्तकांच्या कपाटावर एक ओतीव धातूचा ठोकळा आहे. त्याला दोन गोल भोके आहेत आणि बाजूला बारक्या खिडक्या. दर वर्षी दिवाळीची साफसफाई निघाली की घरकामाच्या बाई तो खाली उतरवतात आणि विचारतात, "आजोबा, हे भंगारात देऊ का?" मी "नको" म्हणतो. आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणते, "ते त्यांचं प्रगतिपुस्तक आहे, राहू द्या." बाईंना यातले काही कळत नाही. ठोकळा पुसून त्या पुन्हा वर ठेवतात. यंदा मनात आले, या प्रगतिपुस्तकावरचे गुण एकदा मोठ्याने वाचून दाखवावेत. सत्त्याऐंशीव्या वर्षी लाज वाटून घ्यायला फारसा वेळही उरलेला नसतो.

मी मूळचा सांगलीचाच. पावसाळ्यात कृष्णा फुगली की तिच्यावर होड्यांच्या शर्यती लागतात. लहानपणी आयर्विन पुलावरून त्या पाहायला आम्ही मुले तास तास उभी असायचो. तिथे इंजिन म्हणजे वल्हेकऱ्यांचे दंड. होडी जिंकली की कुणी कुणाचे दंड मोजायला जात नसे. इंजिनिअर होऊन 1969 साली मी बायको आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेत मिलवॉकीला गेलो, तेव्हा पाण्यावरच्या शर्यती म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर हे असे चित्र होते.

विस्कॉन्सिन हे तळ्यांचे राज्य. आणि होडीच्या पाठीला बाहेरून अडकवायचे इंजिन, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, त्याचे तर ते माहेरच. त्याची एक गोष्ट तिकडे लहान मुलांनाही पाठ असते. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेला एक तरुण कारागीर होता. 1906 च्या उन्हाळ्यात तो आपल्या बेस नावाच्या मैत्रिणीबरोबर आणि मित्रमंडळींबरोबर तळ्याकाठी सहलीला गेला. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओलेने होडी वल्हवत पलीकडचा काठ गाठला आणि आइस्क्रीम घेऊन परत येईपर्यंत त्याचे पाणी झाले. वल्ही मारता मारता त्याच्या डोक्यात आले, होडीला इंजिन का असू नये? गोष्टीत पदरचे मीठमसाला किती आणि खरे किती हे देव जाणे. पण दोघांचे लग्न झाले हे खरे, आणि 1909 साली ओलेने दीड अश्वशक्तीचे, बासष्ट पौंड वजनाचे इंजिन विकायला काढले हेही खरे. त्याच्याआधी कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थांनी असेच यंत्र केले होते. पण ओलेजवळ बेस होती. कारखान्याची पत्रे, हिशेब आणि जाहिराती ती सांभाळी. वल्ही टाकून द्या, असे लोकांना पटवून देण्याचे काम तिने केले. पुढे तिची प्रकृती ढासळली तेव्हा ओलेने धंद्यातला आपला हिस्सा विकला आणि बायकोला घेऊन तो हिंडायला निघाला. बायकोसाठी शोध लावणारे पुष्कळ निघतील. बायकोसाठी शोधावर पाणी सोडणारा माझ्या माहितीत हा एकच. 1921 मध्ये नवे, हलके, अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन घेऊन दोघे पुन्हा बाजारात आली, तो भाग वेगळा.

दोन माणसांकडे दोन इंजिने आली की शर्यत आलीच. 1920 च्या दशकात जॉन्सन बंधूंची इंजिने आणि एव्हिनरूडची इंजिने एकमेकांना मागे टाकू लागली. हळूहळू कारखाने खास शर्यतीसाठी वेगळी इंजिने बनवू लागले. त्यांत पेट्रोलऐवजी मद्यार्क जाळत आणि वंगणाला चक्क एरंडेल घालत. अशा शर्यतीच्या काठावर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा जळक्या एरंडेलाच्या वासाने माझे लहानपणचे सगळे रविवार एकदम आठवले. पण ही इंजिने म्हणजे श्रीमंतांचे घोडे. सामान्य माणसाने काठावरून टाळ्या वाजवाव्यात.

त्यातून मार्ग निघाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही तिकडची 1903 सालची जुनी संस्था. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिच्या शर्यतींत एक नवा विभाग आला, 'स्टॉक आउटबोर्ड'. स्टॉक म्हणजे दुकानात मिळते तसे. कल्पना अगदी साधी, आणि मला विचाराल तर थोर. कारखान्यातून जसे आले तसेच इंजिन होडीला लावायचे. त्यातला कणभर धातू काढायचा नाही, कणभर घालायचा नाही. डॉक्टर असो, खाटीक असो, सुतार असो, इंजिन सर्वांचे सारखे. मग पुढे जायचे ते हाताच्या, डोळ्याच्या आणि धीराच्या जोरावर. इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग केले, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठीही 'जे' नावाचा एक वर्ग ठेवला.

पण माणूस फार हुशार प्राणी आहे. त्याच विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीपासून हाकेच्या अंतरावर सीडरबर्ग नावाच्या गावी, कार्ल कीकहेफर नावाच्या एका तापट गृहस्थाने 1939 मध्ये बुडालेला एक कारखाना घेतला होता. गिऱ्हाइकाने नाकारलेली आउटबोर्ड इंजिने तिथे पडून होती. त्याने ती खोलून सुधारली, ती खपली, आणि त्यातून 'मर्क्युरी' उभी राहिली. 1947 मध्ये त्याने 'लाइटनिंग' नावाचे इंजिन काढले. कागदावर दहा अश्वशक्ती. पाण्यावर मात्र ते त्याहून पुष्कळ अधिक धावे. स्टॉक शर्यतींचा नियम होता, दुकानात मिळेल तेच इंजिन. कीकहेफरने काय करावे? त्याने शर्यतीचा निमुळता खालचा भागच, ज्याला तो 'क्विकसिल्व्हर' म्हणे, इंजिनाबरोबर दुकानात विकायला ठेवला. केजी-फोर-एच, केजी-सेव्हन-एच, मार्क-ट्वेंटी-एच, मार्क-फिफ्टीफाइव्ह-एच अशी ती नावे आजही तिकडचे म्हातारे शर्यतवाले आपल्या मुलांच्या जन्मतारखांसारखी सांगतात. त्याने नियम मोडला नाही. दुकानच उचलून नियमाजवळ नेऊन ठेवले. मिनियापोलिसच्या चँपियन कंपनीने 'हॉट रॉड' काढून त्याला काही काळ चांगली टक्कर दिली. पण 1950 च्या दशकातल्या स्टॉक शर्यतींत काठावर उभे राहून पाहिले तर जिकडे तिकडे मर्क्युरीच दिसत. जून 1958 मध्ये सिअ‍ॅटलच्या ह्यूबर्ट एन्ट्रॉपने सहा सिलिंडरच्या मर्क्युरीवर ताशी 107 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 173 किलोमीटरचा, वेग गाठला. ती शर्यत नव्हती, विक्रम होता. पण आउटबोर्ड इंजिन एवढे धावू शकते, हे त्या दिवशी जगाला दिसले.

हे सगळे मला कुणी सांगितले? आमच्या शेजाऱ्यांनी. ते जर्मन वंशाचे, कारखान्यातून निवृत्त झालेले हत्यार-कारागीर. पत्नी वारलेली, मुलगी मिनेसोटात. आमच्या घरात त्यांना 'शेजारआजोबा' असे नाव पडले होते. 1950 च्या दशकात ते स्वतः मार्क-ट्वेंटी-एच चालवत. एकदा राज्यात दुसरे आले होते, त्यापुढे कधी गेले नाहीत. पण त्यांचे गॅरेज म्हणजे देवघर. प्रत्येक पान्याची भिंतीवर रेखाटलेली जागा, खाली एकही तेलाचा डाग नाही. कारखान्याने ती जुनी 'एच' इंजिने बनवणे केव्हाच थांबवले होते. तरी शर्यतवाले ती वर्षानुवर्षे जपून चालवत होते. त्यांचे सुटे भाग जुन्या चांदीच्या भांड्यांसारखे एका घरातून दुसऱ्या घरात जात.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा झाल्यापासून शाळेतून सुटला की तिथेच पडलेला असे. अकराव्या वर्षी आजोबांनी त्याला प्लायवूडची एक जुनी होडी मिळवून दिली. दोघांनी मिळून हिवाळाभर ती घासली, रंगवली. तिच्यावर एक जुने दोन सिलिंडरचे इंजिन चढले. तिच्यात बसायचे नसते, गुडघे टेकायचे असतात. एका हातात सुकाणूचे चाक, दुसऱ्या हातात गतीची मूठ. मूठ सुटली की वेग गेला. मुलाच्या खोलीत चिप हनाउअरचे मासिकातून कापलेले चित्र होते. तोही नऊ-दहा वर्षांचा असताना असल्याच लहान होड्यांतून सुरुवात करून वर आलेला. पुढे प्रचंड विमानी इंजिनांच्या होड्या चालवून त्याने गोल्ड कप अकरा वेळा जिंकला. आमच्या चिरंजीवांची होडी पाहून हनाउअरची आठवण येण्याचे काही कारण नव्हते. पहिल्या उन्हाळ्यात तो सात शर्यतींत उतरला. पाच वेळा शेवटचा, दोन वेळा शेवटून दुसरा; कारण त्या दोन वेळा कुणाचे तरी इंजिन बंद पडले.

त्याला याचे काहीही वाटत नसे. वाटे ते मला.

खरे सांगायचे तर त्या काठावर उभा असलेला मी मुलाचा बाप कमी आणि परदेशात आलेला माणूस जास्त होतो. सगळ्या गर्दीत आमचे एकच सावळे कुटुंब. लोक चांगले होते. हसून बोलत, सँडविच पुढे करत. पण आमची होडी मागून डुगडुगत येताना दिसली की मला वाटे, हे सगळे मनात म्हणत असतील, बिचारे! कारखान्यात हाताखालची माणसे मला विचारून काम करीत आणि रविवारी मी 'बिचारा' होत असे. मी आजोबांना म्हणालो, "इंजिनात काहीतरी करायला हवं."

ते म्हणाले, "इंजिन ठीक आहे. पोरगा घड्याळ वाचायला शिकतोय. तिसऱ्या वर्षी बघा."

घड्याळ म्हणजे काय, ते सांगायला हवे. या शर्यतीत होड्या रेषेवर थांबून सुटत नाहीत. काठावर एक भले मोठे घड्याळ असते. त्याचा काटा शेवटचे मिनिट दाखवू लागला की होड्या मागून भरधाव येतात आणि काटा शून्यावर पोचेल त्याच क्षणी रेषा ओलांडावी लागते. अर्धा क्षण आधी ओलांडली तर शर्यतीतून बाद. अर्धा क्षण उशीर झाला तर पुढच्यांच्या पंख्यांनी उडवलेले पाणी तोंडावर घेत सगळी शर्यत काढायची. अर्धी शर्यत तिथेच संपलेली असते. आणि ही विद्या विकत मिळत नाही. ती गुडघ्यांना, कानांना आणि पोटातल्या गोळ्याला शिकावी लागते. आजोबा मुलाला रोज संध्याकाळी ओसरीवर बसवत, हातात साधे घड्याळ देत आणि म्हणत, "डोळे मीट. चाळीस सेकंद झाले की सांग."

मला इतका धीर नव्हता. मी इंजिनिअर होतो.

1979 चा ऑगस्ट. आजोबा आठवडाभर मुलीकडे गेलेले. शनिवारी रात्री मुलगा झोपल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो, इंजिन उतरवले आणि सिलिंडरचा ठोकळा बाहेर काढला. अशा इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. एकीतून इंधन आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. धुराच्या खिडकीची वरची कड किंचित उंच केली तर धूर थोडा आधी सुटतो आणि इंजिन अधिक जोराने फिरते. मी कानस घेतली. पंधरा थाऊ. कारखान्यातल्या माणसांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाऊ म्हणजे चार कागदांची जाडी. दोन्ही खिडक्या कानसून, कडा पॉलिश पेपरने मऊ करून, सगळे पुन्हा जोडायला रात्रीचे दीड वाजले. मोरीत हात धूत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, इतक्या रात्री?"

"इंजिन जरा साफ केलं."

ती काही बोलली नाही. पण साबण पुढे सरकवताना माझ्या हातांकडे पाहात राहिली.

दुसऱ्या दिवशीची शर्यत मला आजही फेरी-फेरीने आठवते. पाच होड्या. काटा खाली येऊ लागला. आमची पिवळी होडी मागे, बरीच मागे, आणि मी मनात म्हणालो, गेली! पण ती मागे नव्हती. तो चाळीस सेकंद मोजत होता. बाकीच्या चौघांनी रेषेजवळ येऊन घाबरून मुठी सैल केल्या, आणि हा मात्र मूठ जराही न सोडता मधल्या फटीतून असा आला की काटा शून्यावर आणि होडीचे नाक रेषेवर. अशी सुरुवात त्याने त्याआधी कधी केली नव्हती. पहिल्या बोयाला वळताना तो पुढे होता, आणि तीन फेऱ्या पुढेच राहिला. मी काठावर काय ओरडत होतो, ते विस्कॉन्सिनमध्ये कुणालाच कळले नसेल. कृष्णाकाठी मात्र बरोबर कळले असते.

मग पंचांनी सांगितले, पहिल्या तिघांची इंजिने तपासणीला.

तपासनीस एक निवृत्त शाळामास्तर होते. बारीक, उंच, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांची तपासायची रीत अशी, की ज्याचे इंजिन त्या मुलाला शेजारी उभे करायचे आणि प्रत्येक माप घेताना समजावून सांगायचे. "ही पट्टी बघ. हे टोक आत गेलं पाहिजे. हे दुसरं टोक आत जाता कामा नये." कार्बुरेटर बरोबर. माथ्यातल्या पोकळीत नळीने तेल सोडून तिचे आकारमान मोजले, बरोबर. मुलगा हुशार विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. मग त्यांनी धुराच्या खिडकीला पट्टी लावली. जाता कामा नये ते टोक अलगद आत गेले.

त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा लावली. मग दुसऱ्या खिडकीला लावली. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी कडेवरून बोट फिरवले. ताजी कानस लपत नाही. धातू तिथे उजळ दिसतो. मुलानेही ते पाहिले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

हे कुणी केले, असे तपासनीसांनी विचारलेच नाही. त्या नियमात 'कुणी' हा प्रश्न नसतो. इंजिन ज्याच्या होडीवर, जबाबदारी त्याची. त्यांनी फक्त मुलाचे नाव लिहिले आणि पुढे 'बाद' असे लिहिले. मी पुढे झालो. "हे माझं काम आहे, त्याला काही ठाऊक नव्हतं," असे म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण नाव त्याचंच लिहावं लागतं."

मुलाने एवढेच विचारले, "किती जास्त आहे?"

"पंधरा हजारांश."

त्याने मान हलवली आणि सुटे भाग फडक्यात गुंडाळायला सुरुवात केली.

घर साठ मैल दूर होते. गाडीत कुणी बोलले नाही. मका कंबरेच्यावर वाढलेला, दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. मी मनात वाक्ये जुळवत होतो: तुझ्यासाठीच केले, सगळेच थोडेफार करतात, आपण इथे परके, आपल्याला दुप्पट. सगळी वाक्ये कीकहेफरच्या इंजिनासारखी होती, कागदावर बरोबर. अर्ध्या वाटेत मागच्या सीटवरून आवाज आला.

"बाबा, तुम्ही ते केलं नसतंत, तर मी कितवा आलो असतो?"

वाचकहो, आज सेहेचाळीसच्यावर वर्षे झाली. या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. कप गेला तो गेला. चार रुपयांचा पत्रा तो. त्याची सुरुवात त्या दिवशी इतकी नेमकी होती की तो कदाचित जिंकलाच असता. स्वतःच्या बळावर, कारखान्यातून आले तशा इंजिनावर. कदाचित नसताही जिंकला. पण ते कळण्याचा एकच दिवस होता आणि तो मी चार कागदांच्या जाडीने कानसून टाकला. फसवणुकीने आपण दुसऱ्याचे काहीतरी चोरतो, असे मला वाटत असे. तिने आपल्याच माणसाचे खरे माप चोरीला जाते, हे तेव्हा कळले.

आजोबा परत आल्यावर मी ठोकळा घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. रागावतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "काम सफाईचं केलंत. कड छान मऊ केलीत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "एवढंच आहे, की धातू काढता येतो. परत घालता येत नाही." ठोकळा त्यांनी माझ्या हातात दिला. दुसरा त्यांनी आपल्या साठ्यातून शोधून मुलाला दिला.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे हत्यारे पुजायला मांडली. पाने, हातोडी, मायक्रोमीटर. कानस मी मुद्दाम आणली नव्हती. मुलगा उठला, गॅरेजमध्ये गेला आणि ती घेऊन आला. हळदकुंकू वाहताना त्याची आई त्याला म्हणाली, "बरं केलंस. हत्याराचा काय दोष?" मी खाली पाहून उदबत्ती लावत होतो.

मुलगा पुढेही शर्यतीत उतरत राहिला. एकदा तिसरा आला, दोनदा दुसरा. पहिला कधीच आला नाही. मोठेपणी त्याने सी वर्गात जपानी यामातो इंजिन चालवले, आणि त्यामुळे मला आणखी एक गोष्ट कळली. जपानात आउटबोर्ड होड्यांच्या शर्यती 1951 च्या खास कायद्याने चालतात. पहिली शर्यत एप्रिल 1952 मध्ये नागासाकीजवळ ओमुरा इथे झाली, आणि आता तशी चोवीस ठिकाणे आहेत. सहा होड्या, तीन फेऱ्या, आणि स्त्रीपुरुष एकत्र. लोक तिथे पैसे लावतात, म्हणून इंजिन कुणाच्याच मालकीचे ठेवलेले नाही. ती सगळी शर्यतीच्या ठिकाणाची, आणि कुणाला कुठले मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते. तिथे वापरून झालेली इंजिने सातासमुद्रापलीकडे येऊन अमेरिकन शर्यतवाल्यांच्या होड्यांवर चढली. जपान्यांनी बापाच्या हाती कानस जाणारच नाही अशी व्यवस्था केली. अमेरिकनांनी कानस बापाच्या हाती ठेवली आणि शेवटी पट्टी लावली. दोहोंत शहाणी रीत कोणती, हे मी सांगू शकणार नाही. मला कळण्यासाठी मात्र दुसरीच लागली.

कीकहेफर 1983 मध्ये गेला. आमचे शेजारआजोबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. त्यांचे मार्क-ट्वेंटी-एच आमच्या मुलाकडे आहे. ओले आणि बेस यांच्या नावाची इंजिने बनवणे 2020 साली बंद झाले, तेव्हा त्याने मला फोन करून ती बातमी एखाद्या नातेवाइकाची सांगावी तशी सांगितली. तो आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. होडी चालवत नाही, गुडघे साथ देत नाहीत. उन्हाळ्यात रविवारी रविवारी तो तळ्याकाठी एका टेबलामागे उभा असतो. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात पट्टी. तो तपासनीस झाला आहे.

यंदा श्रावणात त्याचा फोन आला. लहान मुलांच्या वर्गात एक दहा वर्षांची मुलगी पहिली आली होती. तिचे इंजिन त्याने खोलले. तिला शेजारी उभे करून एकेक माप समजावून सांगितले. तिचे वडील चार पावलांवर हाताची घडी घालून उभे होते. "मी त्यांच्या हातांकडे बघितलं नाही, बाबा," तो म्हणाला. "मुद्दाम नाही बघितलं." मग धुराच्या खिडकीला पट्टी लावली. आत जाता कामा नये ते टोक आत गेले नाही.

"मग काय म्हणालास तिला?"

"म्हणालो, बरोबर आहे. आणि ती काय हसली म्हणून सांगू! शर्यत संपल्यावरसुद्धा एवढी हसली नव्हती."

हरलेल्याला कुणी काही विचारत नाही, हे सुख मी सुरुवातीला सांगितले. पण 'बरोबर आहे' हे दोन शब्दही त्याला ऐकायला मिळत नाहीत. ते जिंकलेल्यालाच मिळतात, आणि तेही इंजिन खोलल्यावर. माझ्या मुलाला ते कधी कुणी म्हटले नाही. दर रविवारी तो ते दुसऱ्यांच्या मुलांना म्हणत असतो.

यंदाही बाईंनी ठोकळा खाली उतरवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी तो हातात घेतला, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवले. इतक्या वर्षांनी धातूचा उजाळा गेला आहे; कुठे कानसले होते ते डोळ्यांना आता दिसत नाही. बोटाला मात्र लागते.

"असू द्या," मी म्हणालो. बाईंनी तो पुसला आणि पुन्हा वर ठेवला.